पहिल्यांदा ग्रुप शो पाहायला जाताना

"आपल्याला बुवा चित्रातलं काही कळत नाही," असं म्हणत कलादालनाच्या दारावरून पुढे निघून जाणारी माणसं नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. स्थिरचित्रातल्या मडक्याची कड गोल यावी म्हणून खोडरबर झिजवलेलं असतं. म्हणजे डोळा तयार व्हायला लागलेला असतो, पुढे त्याला काम मिळत नाही. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे, आणि ज्यांनी शाळेतही कधी ब्रश धरला नाही त्यांच्यासाठीही.

मी मुद्दाम ग्रुप शोबद्दल, म्हणजे अनेक कलाकारांच्या एकत्र प्रदर्शनाबद्दल लिहिते आहे. एकाच चित्रकाराचं प्रदर्शन असेल तर पहिल्या चार-पाच चित्रांत त्याची रीत लक्षात येते आणि पुढचं सोपं जातं. ग्रुप शोमध्ये तसं होत नाही. एका भिंतीवर जलरंगातला गोदाघाट, शेजारी तैलरंगातलं व्यक्तिचित्र, मध्ये चौथऱ्यावर टेराकोटाचं शिल्प, कोपऱ्यात लाकडी ठशावरून काढलेलं छापचित्र, पलीकडे कॅनव्हासवरची वारली. नवखा माणूस इथे गोंधळतो, कारण तो सगळ्यांसमोर सारख्याच अंतरावर आणि सारखाच वेळ उभा राहतो. प्रत्येक माध्यमाची उभं राहण्याची जागा वेगळी असते. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं चित्रकाराला विचारून होतं, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या गॅलरीत हे सुख सहसा मिळत नाही.

आधी ठिकाण आणि वेळ

शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिराशेजारी महापालिकेचं महात्मा फुले कलादालन आहे. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात छंदोमयी हे दालन आहे. ही दोन नावं लक्षात ठेवलीत तरी सुरुवातीला पुरे. खासगी गॅलऱ्या निघतात, काही टिकतात, काही बंद होतात, त्यामुळे जुन्या पत्त्यावर विसंबून जाऊ नका. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवरच्या नंबरला फोन करून निघा.

प्रदर्शन लागल्याचं कळतं कसं? वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीत दोन-चार ओळींची बातमी येते. नाशिक कलानिकेतनच्या चित्रकला महाविद्यालयात किंवा इतर कला महाविद्यालयांत ओळखीचं कोणी शिकत असेल, तर त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर पत्रिका सगळ्यात आधी दिसते. एकदा एका प्रदर्शनाला जाऊन वहीत नाव-नंबर लिहिलात की पुढची निमंत्रणं आपोआप येत राहतात.

ग्रुप शो साधारण तीन ते पाच दिवस असतो आणि शनिवार-रविवार धरून आखलेला असतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं, फोटो हे सगळं असतं. ओळखी करून घ्यायला ती संध्याकाळ छान, चित्रं पाहायला वाईट. चित्रांसमोर माणसं पाठ करून उभी असतात आणि चित्रकार पाहुण्यांत गुंतलेला असतो. शेवटच्या संध्याकाळी फ्रेमी उतरवून बबल रॅपमध्ये गुंडाळायला घेतलेल्या असतात. मधल्या एखाद्या दिवशी दुपारी जा. दालन रिकामं असतं आणि चित्रकारालाही कोणी बोलायला आलं तर हवंच असतं.

शालिमारला गाडी लावायला जागा मिळवणं हे दिव्य आहे. सीबीएस बसस्थानकावरून चालत जाता येतं. नाशिकरोडहून येत असाल तर सिटीलिंकची बस किंवा रिक्षा बरी. चाळिशी ओलांडलेल्यांनी जवळचा चष्मा आठवणीने घ्यावा. तो नसेल तर छापचित्रं आणि रेखाटनं तुमच्यासाठी नसल्यातच जमा. पाठीवरची मोठी सॅक घरी ठेवा, वळताना तिचा धक्का चौथऱ्यावरच्या शिल्पाला लागतो.

पहिली फेरी न थांबता

आत गेल्यावर पहिल्याच चित्रासमोर ठाण मांडू नका. संपूर्ण दालनाला एक फेरी मारा, पाट्या न वाचता, कोणाचं काय आहे हे न पाहता. दहा मिनिटं पुरतात. या फेरीत फक्त एवढंच टिपायचं की पाय कुठे अडखळले. मग परत फिरून तीन-चार कामं निवडा, शक्यतो वेगवेगळ्या माध्यमांतली. त्यात एक असं घ्या जे तुम्हाला अजिबात आवडलं नाही. आवडलेल्या कामासमोर आपण खूश होऊन पुढे जातो. न आवडलेल्या कामासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की का आवडलं नाही हे शोधावं लागतं, आणि त्या शोधात डोळा जास्त शिकतो.

बाकीची सगळी कामं नीट पाहिली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. साठ-सत्तर कामं एका दमात पाहिली की शेवटची वीस कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

पाटीवर काय लिहिलेलं असतं

चित्राशेजारच्या छोट्या पाटीवर शीर्षक, माध्यम, आकार आणि कधी किंमत असते. आकारावरून बरंच कळतं. जलरंगाच्या खाली २२ × ३० इंच लिहिलं असेल तर तो पूर्ण ताव आहे, चित्रकार त्याला फुल शीट म्हणतात. १५ × २२ म्हणजे हाफ शीट. फुल शीटवर ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात पसरवणं हे हाफ शीटच्या दुप्पट कठीण नसून कितीतरी पटींनी कठीण असतं, कारण एका टोकाला पोहोचेपर्यंत दुसरं टोक वाळायला लागलेलं असतं.

"मिश्र माध्यम" असं लिहिलेलं दिसलं तर नक्की काय काय वापरलं ते विचारा. त्यात ॲक्रिलिक, वर्तमानपत्राचे तुकडे, कोळसा, वाळू, दोरा, काहीही असू शकतं, आणि चित्रकाराला ते सांगायला आवडतं. पाटीवर लाल टिकली चिकटवलेली असेल तर ते काम विकलं गेलं आहे.

कुठे उभं राहायचं

आता मुख्य गोष्ट. जलरंगापासून सुरू करू, कारण ते नाशिकचं घरचं माध्यम आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी इथला घाट, वाडे, देवळं जलरंगात रंगवली आणि पुढच्या पिढ्यांना प्रत्यक्ष जागेवर बसून काम करायची सवय लागली. आजही सकाळी लवकर रामकुंडाकडे गेलात तर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला एखादा विद्यार्थी भेटतो.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. चित्रात जिथे जिथे पांढरं दिसतं, तो न रंगवलेला कागद असतो. नारोशंकर मंदिराच्या कळसावर पडलेलं ऊन, पाण्यावरची चकाकी, घाटावरच्या माणसाच्या टोपीचा ठिपका, या सगळ्या जागा चित्रकाराने रंग लावण्याआधीच मनात राखून ठेवलेल्या असतात. फिकट रंग आधी, गडद शेवटी, असा हा प्रवास असतो. गडद लागला की मागे फिरता येत नाही. आधी आठ-दहा फुटांवर उभं राहून सगळं दृश्य पाहा, मग दीड हातावर या आणि कोरा कागद कुठे कुठे सोडला आहे ते शोधा. हा शोध सुरू झाला की दूरवर साधं वाटलेलं चित्र एकदम धाडसाचं वाटायला लागतं.

जवळून कडा पाहा. ओल्या कागदावर सोडलेला रंग पसरतो आणि कड विरघळते. लांबचे डोंगर, धुकं, घाटावरचा धूर असे येतात. कोरड्या कागदावरच्या फटकाऱ्याची कड धारदार असते. ब्रशमध्ये पाणी कमी असेल तर कागदाच्या खरबरीत दाण्यांवरच रंग बसतो आणि खड्डे पांढरे राहतात, जुन्या दगडी पायऱ्या दाखवायला हे फार उपयोगी. चांगल्या जलरंगात विरघळलेल्या आणि धारदार कडा एकमेकींना सांभाळून असतात. सगळ्याच कडा धारदार असतील तर चित्र कातरून चिकटवल्यासारखं दिसतं.

नाशिककरांसाठी आणखी एक खेळ. घाटाच्या चित्रात गोदावरीचा रंग कोणता आहे ते पाहा. मातकट, तांबूस असेल तर पाऊस आहे. मग दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती, चित्रात असेल तर पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं आहे ते बघा. नाशिकमध्ये पुराची चर्चा त्याच्याच उंचीवर चालते आणि चित्रकारही तीच खूण वापरतात. पायऱ्यांवरच्या सावल्या कुठल्या बाजूला पडल्या आहेत यावरून सकाळ की संध्याकाळ तेही काढता येतं. आपल्या रोजच्या जागेचं चित्र तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे, तो वापरा. जलरंगावर काच असते, त्यामुळे दिव्याचं प्रतिबिंब पडलं तर एक पाऊल बाजूला सरा.

तैलरंगाची चाल उलटी. इथे बहुतेक वेळा गडदापासून उजेडाकडे येतात आणि पांढरा रंग सरळ वरून लावतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. म्हणून तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस घेतो आणि चित्रकाराला गालावरचा उजेड सावलीत मिसळायला सवड मिळते. व्यक्तिचित्रासाठी तैलरंग इतका आवडीचा आहे तो या सवडीमुळे. चित्राच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर उभे राहा. चेहरा पुरता दिसू द्या. मग हळूहळू पुढे या. एका ठिकाणी चेहरा मोडतो आणि नुसते रंगांचे पॅच उरतात, कानाशी हिरवट, हनुवटीखाली जांभळट. पुन्हा मागे जा, तो परत जुळतो. असं पुढे-मागे जायला लाजू नका, चित्रकार स्वतः काम करताना हेच करत असतो. शेवटी चित्राच्या बाजूला जाऊन तिरकं पाहा. ब्रशचे वळ, सुरीने थापलेला रंग, खरवडलेली जागा, सगळं तिरक्या उजेडात उठून येतं.

हात मात्र लावायचा नाही. तैलरंग वरून वाळलेला वाटला तरी जाड थर आतून कित्येक महिने मऊ असतो.

ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळतो. त्यामुळे थरावर थर चढवणं, सपाट रंगाचे मोठे भाग, सरळ रेघेची कड यासाठी तो चांगला. आज ग्रुप शोमध्ये कॅनव्हासवरची बरीच कामं ॲक्रिलिकची असतात. तैलरंगाशी तुलना करून पाहायची असेल तर एकाच दालनात ती सोय असते, ग्रुप शोचा हा मोठा फायदा.

अमूर्त चित्रासमोर लोक सगळ्यात जास्त अडतात. "यात काय आहे?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे सरकला, कुठे अडला, चित्राचा जड भाग कोणता आणि हलका कोणता, एवढंच पाहा. नागपूरला १९२४ साली जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरीने रंग लावत आणि काढत. त्यांच्या चित्रांत ओळखीची वस्तू शोधून हाती काही लागत नाही, पण रंगाच्या थरातून येणारा उजेड कोणालाही दिसतो. अमूर्त चित्राला वेळ द्या, पाटीवरच्या शीर्षकात उत्तर शोधू नका.

छापचित्राकडे लोक "प्रिंट आहे" म्हणून पाहतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छापचित्र म्हणजे एखाद्या रंगवलेल्या चित्राची झेरॉक्स नव्हे. चित्रकाराने लाकूड किंवा लिनोलियम कोरून, किंवा जस्ताच्या, तांब्याच्या पत्र्यावर रेघा ओढून त्या ॲसिडने खोल करून ठसा बनवलेला असतो, त्यावर शाई लावून हाताने किंवा प्रेसवर एकेक प्रत काढलेली असते. प्रत्येक प्रत मूळच असते. खाली पेन्सिलीने ३/१५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण पंधरा प्रतींपैकी ही तिसरी. कधी ए.पी. असतं, ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. इथे लांब उभं राहून काहीच मिळत नाही. अगदी जवळ जा, चष्मा लावून. पत्र्यावरून काढलेल्या छापात चित्राभोवती कागद दबून चौकटीची खूण उठलेली दिसेल. लाकडी ठशात जे पांढरं दिसतं ते कोरून काढलेलं असतं, म्हणजे चित्रकाराने काळा भाग सोडून उजेड कोरला आहे.

घराघरांत देवांच्या तसबिरी पोहोचल्या त्याही छापखान्यातूनच. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून शिळाछाप काढत. आजीच्या देवघरातली जुनी लक्ष्मी शिळाछाप आहे का हे एकदा भिंगाने बघण्यासारखं आहे.

शिल्पासमोर उभं राहायचंच नाही, त्याभोवती फिरायचं. पूर्ण प्रदक्षिणा घाला, मग वाका, खालून पाहा. समोरून शांत दिसणारा चेहरा डाव्या बाजूने थकलेला दिसू शकतो, आणि ते शिल्पकाराने मुद्दाम केलेलं असतं. काम भर घालून झालं आहे की काढून, हे ओळखायचा प्रयत्न करा. मातीत भर घालत जातात, बोटांचे ठसे राहतात. दगडात आणि लाकडात काढत जातात, चुकलं तर भरून काढता येत नाही. ब्राँझसारखं दिसणारं शिल्प फायबरचं असू शकतं, पाटी वाचा. फायबर हलकं आणि स्वस्त असतं, ते वाईट नसतं, पण किंमत ठरवताना फरक माहीत हवा. खरं ब्राँझ मेणाच्या साच्याने ओततात. मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. या पद्धतीचं वर्णन बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास ग्रंथात मधुच्छिष्ट विधान म्हणून आलं आहे.

शिल्प पाहायची सवय करायला नाशिकइतकं सोयीचं गाव नाही. पांडवलेणी, काळाराम मंदिर, सिन्नरचं गोंदेश्वर, सगळीकडे काळा कातळ आहे. सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा त्याच मूर्तीसमोर जा. तिरक्या उन्हात दागिन्यांचा एकेक मणी वेगळा होतो, डोक्यावरच्या उन्हात तोच सपाट होतो. दालनात दिवे कुठून लावले आहेत याकडे मग आपोआप लक्ष जातं.

वारलीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती आपल्या शेजारची आहे आणि तिच्याकडे नक्षी म्हणून पाहिलं जातं. वारली समाज पालघरच्या पट्ट्यात आहे तसा आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांतही आहे. मूळ वारली चित्र लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढतात. शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. मध्ये देवचौक, म्हणजे देवीसाठीची चौकोनी चौकट, त्यात पालघाट देवी, आणि हे काढण्याचा मान सुवासिनींचा. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, लग्नाच्या चौकटीबाहेर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. वारली चित्रासमोर आधी लांब उभे राहून गर्दीची लय पाहा, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर कसा फिरतो ते. मग जवळ जाऊन एकच माणूस धरा आणि तो काय करतो आहे ते वाचा. प्रत्येक जण काहीतरी काम करत असतो. चित्रकाराला विचारा, तो कोणत्या गावचा, घरी भिंतीवर कोण काढायचं. कुशन कव्हरवरच्या छापील वारलीत आणि या कामात काय फरक आहे हे त्या दोन मिनिटांत कळतं.

कापडाचं काम असेल तर मागची बाजू दाखवा म्हणून विनंती करा. येवल्याची पैठणी ओळखायचीही हीच खूण आहे. हातमागावर विणलेल्या नक्षीत रंगीत धागे एकमेकांत अडकवत नेतात, त्यामुळे खऱ्या पैठणीच्या पदराची दोन्ही अंगं जवळजवळ सारखी दिसतात. सिरॅमिकच्या भांड्याचा तळ पाहायला मागा, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, न लावलेली मूळ माती तिथेच दिसते. फोटो असेल तर कागद कोणता आणि किती प्रती काढणार हे विचारा. व्हिडिओ असेल तर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा, मध्येच डोकावून मत बनवू नका.

चित्रकाराशी बोला

"किती वेळ लागला?" हे प्रत्येक जण विचारतो. चित्रकार नम्रपणे उत्तर देतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी समोरच्या कामातली एखादी जागा दाखवून विचारा. "सर, हा कोपरा मोकळा ठेवलाय तो आधीपासून ठरलेला होता का?" "मॅडम, सुरुवात कुठून केलीत?" "हा कागद कुठून आणता?" असं विचारलं की माणूस खुर्चीतून उठतो आणि तुम्हाला चित्राजवळ घेऊन जातो. मग तो जे सांगतो ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. "हे तर माझी मुलगीही काढेल," हे वाक्य कृपा करून घरी ठेवून या. आपल्याला काही कळलं नसेल तर तसं स्पष्ट सांगितलं तरी चालतं. "मला यात शिरता येत नाही, कुठून बघू?" या प्रश्नाचा राग आलेला चित्रकार मी पाहिलेला नाही.

बऱ्याच प्रदर्शनांत एखाद्या दिवशी प्रात्यक्षिक ठेवतात. ते चुकवू नका. कोऱ्या कागदापासून तासा-दीड तासात चित्र उभं राहताना पाहिलं की भिंतीवरची सगळी जलरंगचित्रं वेगळी दिसायला लागतात.

दाराशी अभिप्रायाची वही असते. "खूप सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा" यापेक्षा एक ओळ नेमकी लिहा. कोणत्या चित्रातली कोणती जागा आवडली ते. चित्रकार रात्री घरी बसून ही वही वाचतात.

फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि तो कुठे टाकलात तर चित्रकाराचं नाव लिहा. मुलांना जरूर आणा. त्यांना दारातच सांगा की हात पाठीमागे बांधून पाहायचं, आणि एक काम द्या: दालनातला सगळ्यात जुना वाटणारा दगड शोध, किंवा चित्रांत किती जनावरं आहेत ते मोज. मुलं कंटाळली की बाहेर या, त्यांना ओढत नेलं तर पुढच्या वेळी ती येणार नाहीत.

विकत घ्यावंसं वाटलं तर

घ्या. नाशिकमध्ये पाहणारे आहेत, घेणारे फार कमी आहेत, आणि चित्रकाराचं पुढचं वर्ष त्या घेणाऱ्यांवर चालतं. बजेट लहान असेल तर छापचित्र, छोटं रेखाटन, हाफ शीटपेक्षा लहान जलरंग किंवा सिरॅमिकचं भांडं यांपासून सुरुवात करा. किंमत विचारायला संकोच नको. ती फ्रेमसकट आहे की नुसत्या चित्राची हे आधी स्पष्ट करून घ्या. हप्त्याने चालेल का हेही विचारता येतं. भाजीसारखी घासाघीस मात्र करू नका.

सही चित्रावर आहे ना ते पाहा. पावती घ्या, तिच्यावर शीर्षक, माध्यम, आकार आणि साल लिहून घ्या. छापचित्र असेल तर प्रतीचा क्रमांकही. चित्र तुमचं झालं तरी त्याचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. म्हणजे ते चित्र भिंतीवर लावा, दुसऱ्याला विका, पण दुकानाच्या कॅलेंडरवर किंवा पिशवीवर छापायचं असेल तर चित्रकाराची परवानगी लागते.

प्रदर्शन संपेपर्यंत चित्र भिंतीवरच राहतं, लगेच हातात मिळत नाही. शेवटच्या दिवशी कधी न्यायला यायचं ते ठरवून घ्या.

घरी आणल्यावर

कागदावरच्या कामाचे दोन शत्रू, ऊन आणि ओल. थेट उन्हाच्या भिंतीवर जलरंग लावला तर काही रंग वर्षा-दोन वर्षांत उतरतात, आणि आधी उतरतात ते नेमके नाजूक. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा, पावसाळ्यात जिला पोपडे येतात ती भिंतही टाळा. फ्रेम करताना फ्रेमवाल्याला दोन गोष्टी सांगा. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवी, म्हणजे कागद काचेला चिकटणार नाही. आणि माउंटचा पुठ्ठा ॲसिड फ्री हवा, साध्या पुठ्ठ्याने कागदाला पिवळी किनार येते. चित्र डिंकाने पूर्ण चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला दोन पट्ट्यांवर टांगलेलं पुरतं. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते.

कॅनव्हासला काच लागत नाही. तो कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसू नका.

पाऊस संपला की फ्रेम एकदा उतरवून मागची बाजू पाहा. तपकिरी ठिपके किंवा पांढरी बुरशी दिसली तर स्वतः खरवडू नका. पावतीवर चित्रकाराचा नंबर असतो, त्याला फोटो पाठवा आणि काय करायचं ते विचारा.